घेर दुप्पट, रास आठपट

खळ्यावर ज्वारीच्या चार राशी पडल्या आहेत असे समजा. एक मोठी, तीन धाकट्या. मोठ्या राशीभोवती दोरी फिरवली तर ती ३० फूट भरते. धाकट्या तिन्ही सारख्या, प्रत्येकीचा घेर १५ फूट. वाटणीला बसलेला भाऊ म्हणतो, "मोठी रास मला ठेव, धाकट्या तिन्ही तू घे. तुझा घेर ४५ फूट झाला, माझा तीसच. मीच थोडे कमी घेतो."

हो म्हणण्याआधी जरा थांबा. तिन्ही धाकट्या राशी एकत्र केल्या तरी त्या मोठीच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. बरोबरी व्हायला अशा धाकट्या राशी आठ लागतील! भाऊ लबाड असेलच असे नाही. डोळाच फसवतो. आपण घेर पाहतो, आणि पोती भरतात ती घेराच्या हिशेबाने नव्हे.

हा हिशेब शाळेतल्या पुस्तकात असतो आणि परीक्षा झाली की तिथेच राहतो. पण वाटणी, शेततळे, पाइप, उभे झाड, कांद्याची प्रतवारी या सगळ्यांत तो रोज आपल्या पैशांशी खेळत असतो. म्हणून आज तो खळ्यावर आणू या.

गुंठा आणि काडेपेटी

जमीन मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची असे. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे तुम्हाला सांगायला नकोच. आता दोन साखळ्या लांब आणि दोन साखळ्या रुंद असा तुकडा आखा. किती गुंठे झाले? दोन नव्हे, चार. लांबी दुप्पट झाली आणि त्या दुप्पट लांबीला रुंदीही दुप्पट मिळाली, म्हणून दोन दुणे चार.

आता एक काडेपेटी घ्या. तिच्याच घाटाची, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाजूंनी दुप्पट अशी पेटी रचायची आहे. खालच्या थरात चार पेट्या बसतात. उंचीही दुप्पट हवी, म्हणून वर आणखी चार. झाल्या आठ. घरात मुले असतील तर त्यांनाच रचायला सांगा, पुस्तकापेक्षा लवकर समजेल. तिप्पट करायला घ्याल तर २७ लागतील, तेवढ्या काडेपेट्या मात्र वाण्याकडून आणाव्या लागतील.

म्हणजे वस्तूचा आकार तोच ठेवून ती सर्व बाजूंनी दुप्पट केली की तिची कड दुप्पट, तिचे अंग म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग चौपट, आणि तिच्या पोटात मावणारा माल आठपट होतो. मात्र "आकार तोच ठेवून" ही अट विसरू नका. शाळेत याला समरूप आकृती म्हणतात. एकच बाजू वाढवली तर माल त्याच पटीने वाढतो, जास्त नाही. कोठीत धान्याचा थर दोन फुटांवरून चार फूट केला तर धान्य दुप्पटच झाले, कारण कोठीची लांबी-रुंदी होती तिथेच आहे. खळ्यावरची रास तशी नसते. धान्य वरून ओतत गेलो की ते ओघळत जाते, आणि रास उंच होते तशी रुंदही होत जाते. तिचा उतार धान्याच्या जातीप्रमाणे ठरलेला असतो. म्हणून एकाच धान्याची लहान रास आणि मोठी रास या सख्ख्या बहिणीच असतात, एक थोरली, एक धाकटी.

भास्कराचार्यांची दोरी

आपल्याकडच्या माणसांनी हे फार पूर्वी ओळखले होते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ काढल्याचीही नोंद आहे. ११५० साली त्यांनी लिहिलेल्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात धान्याच्या राशींवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. एवढा मोठा ज्योतिषी, ग्रह-ताऱ्यांचे गणित करणारा. पण खळ्यावरच्या राशीकडे त्याने पाठ फिरवली नाही, हे मला फार आवडते.

त्यांची रीत अशी. राशीच्या घेराचा सहावा भाग घ्या. त्याला त्यानेच गुणा. मग राशीच्या उंचीने गुणा. आले राशीचे घनफळ. उंची मोजता येत नसेल तर तीही घेरावरून सांगितली आहे. जाड धान्याची उंची घेराचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, आणि कुसळाच्या धान्याची नववा. बारीक धान्य घसरून पसरते म्हणून त्याची रास बसकी. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून त्या धान्याची रास उभट. ज्याने नुसत्या पोथ्या पाहिल्या त्याला हे सुचायचे नाही.

जाड धान्याची ६० हात घेराची रास घ्या. उंची सहा हात. घेराचा सहावा भाग दहा. दहा गुणिले दहा गुणिले सहा, म्हणजे ६०० घनहात. आता ३० हात घेराची रास घ्या. उंची तीन हात, सहावा भाग पाच. पाच गुणिले पाच गुणिले तीन, म्हणजे ७५. आणि ७५ आठ वेळा घेतले की ६०० होतात. वाटणीतल्या मोठ्या राशीचा निकाल इथेच लागला.

भिंतीला टेकलेल्या राशीचाही विचार त्यांनी केला आहे. अशी रास म्हणजे अर्धी रास. तिची बाहेरची गोल कड मोजायची, दुप्पट करायची, तेवढ्या घेराच्या पुऱ्या राशीचे माप काढायचे आणि निम्मे धरायचे. खोलीच्या कोपऱ्यात ओतलेली रास असेल तर कड चौपट करायची आणि उत्तराचा चौथा हिस्सा घ्यायचा. कोपऱ्यातल्या राशीची कड साडेसात फूट भरली, तर ३० फूट घेराच्या राशीचा चतकोर आपल्या घरात आहे असे समजावे.

एक दुरुस्ती मात्र आज करावी लागते. घेराचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करणे म्हणजे घेराच्या वर्गाला ३६ ने भागणे. या सोप्या रीतीत वर्तुळाचा घेर त्याच्या व्यासाच्या बरोबर तिप्पट धरलेला आहे. खरा घेर तिपटीहून थोडा जास्त असतो. तो धरला तर ३६ च्या जागी ३७.७ येतात. आपण ३८ ने भागावे, म्हणजे उत्तर फुगत नाही. नाहीतर राशीत शेकडा पाच माल उगाच जास्त दिसतो.

आता आपल्या ज्वारीकडे या. घेर ३०, उंची ३ फूट. ३० गुणिले ३० म्हणजे ९००; गुणिले ३ म्हणजे २७००; त्याला ३८ ने भागले की ७१ घनफूट. एका घनफुटात ज्वारी साधारण २१ किलो धरली तर ही रास १५ क्विंटलच्या आसपास. धाकटी रास, घेर १५ आणि उंची दीड फूट, नऊ घनफूटही भरत नाही. दोन क्विंटलला थोडी कमीच. तीन मिळून साडेपाच क्विंटल. पंधराच्या समोर साडेपाच!

वजनकाट्याला ही रीत पर्याय नाही, हेही सांगितले पाहिजे. दोरी तिरपी गेली, कोणाचा पाय राशीवर पडला, की हिशेब हलतो. ३० फुटांच्या घेरात एका फुटाची चूक झाली आणि उंचीही घेरावरूनच धरली, तर मापात शेकडा दहाचा फरक पडतो, म्हणजे वरच्या राशीत दीड क्विंटलचा. पण पोती भरण्याआधी, काटा यायच्या आधी, "अंदाजे किती?" असे कोणी विचारले तर अंदाज आपल्यापाशी असावा, त्याच्यापाशी नव्हे.

हाच हिशेब कांद्याला लावा. ६० मिलिमीटर जाडीचा कांदा ४० मिलिमीटरच्या कांद्याच्या दीडपट दिसतो, वजनात मात्र तो सव्वातीन पटींहून जास्त भरतो. मोठे आठ कांदे म्हणजे लहान सत्तावीस. काढणीच्या मजुरीत, देठ कापण्याच्या मजुरीत लहान कांद्याचा तोटा कुठून येतो ते यावरून कळेल, कारण हात लावावा लागतो तो नगाला, आणि भाव मिळतो तो वजनाला.

बांध कसे वाढतात

जमिनीत आठपट नाही, चौपटीचाच खेळ आहे, पण तोही कमी नाही. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू जवळजवळ २०९ फूट, चारी बाजूंचे कुंपण सुमारे ८३५ फूट. चार एकरांचा चौरस तुकडा घ्या. जमीन चौपट, पण कुंपण दुप्पटच, १६७० फूट. आता तेच चार एकर चार भावांनी चार चौकोन पाडून वाटून घेतले. बाहेरचे १६७० फूट राहिलेच, शिवाय मध्ये आडवा-उभा मिळून ८३५ फुटांचा नवा बांध आला. एक गुंठाही जमीन वाढली नाही, बांध मात्र दीडपट झाला. बांधाखाली गेलेली माती, बांधावरचे तण, औत वळवताना वाया जाणारी जागा, आणि बांध कोरल्यावरून होणारी भांडणे, हे सारे त्याच्याबरोबर आले. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या वाट्याचा बांध मोठा.

नकाशाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. तेव्हा नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५०० चौरस मीटर, आपल्या सातबाराच्या भाषेत २५ आर. या नकाशाची प्रत काढताना दुकानदाराने ती कागदावर मावावी म्हणून लांबी-रुंदीत निम्मी केली, तर त्या प्रतीवरचा एक चौरस सेंटिमीटर एक हेक्टर होतो. प्रतीवर छापलेले प्रमाण मात्र जुनेच राहते. अशा प्रतीवर पट्टी ठेवून क्षेत्र काढले तर चार हेक्टरांचे एक हेक्टर दिसेल. मोबाईलवर काढलेल्या नकाशाच्या फोटोचेही तेच.

एका शेततळ्यात तीन हिशेब

आता पाण्याकडे येऊ, कारण तिथे खर्च मोठा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली, तेव्हा त्यात १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतची मापे दिली होती. ही दोन टोकाची मापे घेऊन पाहू. दोन्ही तळ्यांच्या कडा एकास एक उताराच्या, म्हणजे तीन मीटर खाली जाईपर्यंत प्रत्येक बाजू तीन मीटर आत येते असे धरू. लहान तळ्याचा तळ मग ९ × ९ मीटर आणि मोठ्याचा २४ × २४ मीटर.

लहान तळ्यात पाणी मावते ४४१ घनमीटर, म्हणजे चार लाख ४१ हजार लिटर. मोठ्यात मावते २१९६ घनमीटर, जवळजवळ २२ लाख लिटर. बाजू दुप्पट, पाणी पाचपट. आठपट का नाही? कारण खोली दुप्पट झालेली नाही, दोन्हीकडे तीनच मीटर आहे. मग चौपट का नाही? कारण दोन्ही तळ्यांना उतारासाठी कडेची सारखीच पट्टी सोडावी लागते, आणि लहान तळ्याला ती जड जाते. पंधरापैकी सहा मीटर उतारातच गेले, तर खाली राहते काय! ही दोन तळी सख्ख्या बहिणी नाहीत, चुलत बहिणी म्हणा.

शेतात हे पाणी किती पुरते? एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी उभे करायचे म्हणजे एका पाळीला सुमारे २०० घनमीटर लागते. लहान तळे एका एकराच्या दोन पाळ्या देते. मोठे जवळजवळ अकरा.

पण सगळे पाणी पिकाला मिळत नाही, ऊन आपला वाटा घेते. आणि ऊन पाणी पिते ते उघड्या अंगावरून, खोलीवरून नव्हे. रोज पाच मिलिमीटर पाणी उडते असे समजा. कडक उन्हाळ्यात यापेक्षा जास्तही उडते. शंभर दिवसांत अर्धा मीटर पातळी खाली गेली. लहान तळ्यातून १०५ घनमीटर गेले, म्हणजे शेकडा २४. मोठ्यातून ४३५ गेले, म्हणजे शेकडा २०. आकड्याने मोठ्या तळ्याचे नुकसान जास्त दिसते, पण भरलेल्या पाण्याच्या मानाने ते कमी आहे. तळे लहानच करायचे असेल तर उन्हाची सोय आधी पाहा. काठाला वाऱ्याच्या बाजूने दाट झाडी किंवा वर सावलीचे जाळे लहान तळ्यावर जमते, मोठ्यावर ते खर्चाचे काम होते.

प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा असेल तर तोही अंगावर जातो. लहान तळ्याचा तळ आणि चारी उतार मिळून सुमारे २८५ चौरस मीटर होतात, मोठ्याचे १०३४. काठावर दाबून ठेवायला लागणारा कागद यात धरलेला नाही. हजार लिटर पाण्यामागे लहान तळ्यात कागद लागतो ०.६५ चौरस मीटर, मोठ्यात ०.४७. कुंपण तर कडेवरच जाते, ६० मीटर आणि १२० मीटर. माती उकरण्याची मजुरी किंवा यंत्राचे भाडे मात्र पोटावर जाते. ४४१ घनमीटर माती आणि २१९६ घनमीटर माती, इथे सूट नाही.

म्हणजे एकाच तळ्यात कुंपण कडेच्या हिशेबाने, कागद आणि ऊन अंगाच्या हिशेबाने, माती आणि पाणी पोटाच्या हिशेबाने चालते. कोणी तुम्हाला "अमक्याच्या दुप्पट तळे, म्हणून दुप्पट खर्च" असे सांगत असेल तर त्याला विचारा, दुप्पट काय? बाजू, कागद, की पाणी?

चार भावांनी चार लहान तळी केली तर पाणी होईल १७६४ घनमीटर, कागद लागेल ११३८ चौरस मीटर, कुंपण २४० मीटर. तेच चौघांनी मिळून एक मोठे केले तर पाणी २१९६, कागद १०३४, कुंपण १२०. पाण्याचा तोंडवळा दोन्हीकडे सारखाच, ९०० चौरस मीटर. गणित सरळ मोठ्या तळ्याच्या बाजूने आहे. पण मोठे तळे एकाच्याच रानात होते, बाकीच्यांना पाइप टाकावे लागतात, आणि कोणाचे इंजिन आधी सुरू होणार हे आधीच कागदावर उतरवावे लागते. ते जमत नसेल तर लहान तळे बरे, असे माझे मत आहे. भांडणात अडकलेले पाणी कोणाच्याच पिकाला मिळत नाही, ऊन मात्र ते पीतच राहते.

तळे लहान असो की मोठे, कागद घातलेल्या तळ्याचा काठ शेवाळाने निसरडा होतो. उतार एकास एकचा, पाय ठरत नाही. कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर या दोन गोष्टींत काटकसर करू नका. घरात पोरे आहेत.

पाइप आणि फवारा

दोन इंची पाइपाने पाणी कमी पडते म्हणून शेजारी दुसरा दोन इंची पाइप टाकणारे पुष्कळ भेटतात. चार इंची पाइपाचे तोंड दोन इंचीच्या चौपट असते. शिवाय बारीक पाइपात पाणी कडेला घासत जाते, म्हणून लांबच्या टप्प्यात तेवढ्याच दाबावर चार इंचीतून येणारे पाणी सहापटीच्या आसपास भरते. दोन बारीक पाइप म्हणजे एक जाड पाइप नव्हे. भाव विचारताना चार इंचीची किंमत दोन इंचीच्या दुप्पट आहे की चौपट, एवढेच पाहू नका. पाण्यामागे किती पडली ते पाहा.

फवाऱ्यात हाच खेळ उलटा चालतो. थेंबाची जाडी निम्मी केली की एका थेंबाच्या औषधात आठ थेंब होतात. आठही मिळून पानाला लागणारे अंग दुप्पट होते. म्हणून बारीक तोटीने तेवढेच औषध जास्त पानांवर पोचते. पण थेंब फार बारीक झाला की तो पानावर बसतच नाही, वाऱ्यावर जातो आणि शेजाऱ्याच्या रानात किंवा आपल्याच नाकात उतरतो. बारीक तोटी वाऱ्याच्या दिवशी वापरू नये, आणि तोंडाला फडके बांधल्याशिवाय तर कधीच नाही.

पिलाला थंडी जास्त का

जीव जितका लहान, तितके त्याचे अंग पोटाच्या मानाने मोठे. ऊब तयार होते ती शरीराच्या आत, आणि जाते ती कातडीवरून. नुकते निघालेले कोंबडीचे पिलू ४० ग्रॅमचे धरा आणि वाढलेली कोंबडी दोन किलोची. कोंबडी वजनाने पन्नासपट, पण तिचे अंग पिलाच्या चौदापटीपेक्षा थोडे कमीच. म्हणजे एका ग्रॅममागे पिलाला कोंबडीच्या साडेतीनपटीहून जास्त अंग झाकायचे असते, आणि अंगावर धड पिसेही नसतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवावी लागते. करडू, वासरू यांनाही थंडीच्या रात्री आधी आडोसा हवा, म्हशीचे नंतर पाहता येईल.

उलट उदाहरण खताच्या ढिगाचे. लहान ढीग कडेने निवत राहतो आणि कुजायचे नाव घेत नाही. तेच चार ढीग एकत्र केले की आत हात घालवत नाही इतका गरम होतो. काडीकचरा तोच, शेणही तेच.

उभे झाड विकताना

लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, ही रीत फार वर्षांची आहे. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो. खरे लाकूड त्यात पावणेतेरा घनफूट असते. साल आणि करवतीचा भुसा जातो म्हणून ही सूट धरलेली आहे. ती आहे हे तुम्हाला माहीत असावे, म्हणजे "साल जाईल, भुसा जाईल" असे म्हणून कोणी दुसऱ्यांदा कापून घेणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्याच लांबीत घेर चारचा पाच फूट झाला की दहाचे साडेपंधरा घनफूट होतात. घेर सव्वापट, माल दीडपटीहून जास्त. आठ फूट झाला तर चाळीस. लेकीच्या लग्नाची घाई नसेल तर चार फुटांच्या झाडाला आणखी काही पावसाळे देणे फायद्याचे. तोडीच्या परवानगीची चौकशी मात्र सौदा करण्यापूर्वीच तलाठ्याकडे किंवा वनखात्याच्या माणसाकडे करून घ्यावी.

आणि लाडू

घरातल्या माउलींना हा हिशेब कोणी शिकवायला नको, त्यांना तो हाताने माहीत असतो. तरीही एकदा लाडवावर मोजून पाहा. दोन इंच रुंदीचा लाडू आणि अडीच इंच रुंदीचा लाडू ताटात शेजारी ठेवले तर दुसरा जरा मोठा दिसतो, इतकेच. पण सव्वाला सव्वाने गुणा, पुन्हा सव्वाने गुणा. उत्तर येते १.९५. जरा मोठ्या दिसणाऱ्या लाडवाला ऐवज लागतो जवळजवळ दुप्पट. वऱ्हाडासाठी दोन इंची शंभर लाडवांचे बेसन-तूप घेतले आणि वळायला बसलेल्या आत्याबाईंचा हात अर्ध्या इंचाने सैल पडला, तर डब्यात एक्कावन्न लाडू निघतात.